लोड किती?

‘पन्नास हजारांत गेमिंग पीसी होतो का रे?’

ऑफिसमध्ये हा प्रश्न मला महिन्यातून एकदा तरी येतोच. बहुतेक वेळा पगार झाल्यानंतरच्या पहिल्या शुक्रवारी, कँटीनमध्ये, हातात कटिंग असताना. विचारणाऱ्याच्या मोबाइलवर एक यादी तयार असते. प्रोसेसर कोणता, ग्राफिक्स कार्ड कोणतं, रॅम किती, कॅबिनेटमध्ये लाइट किती रंगांचे... सगळं पाठ! शेवटच्या ओळीत मात्र लिहिलेलं असतं, ‘एसएमपीएस - कोणताही’.

त्या ‘कोणताही’वर माझं बोट थांबतं.

लग्नात कशी हॉलची चर्चा होते, मेन्यूची होते, डीजेची होते. जनरेटरची चौकशी मात्र लाइट गेल्यावरच! कॉम्प्युटरमध्ये एसएमपीएसचं, म्हणजे पॉवर सप्लायचं तसंच आहे. तो गेमचा स्पीड वाढवत नाही, पडद्यावर दिसत नाही, मित्रांना दाखवता येत नाही. भिंतीतून येणारा २३० व्होल्टचा एसी घ्यायचा आणि आतल्या नाजूक मंडळींना १२, ५ आणि ३.३ व्होल्टचा डीसी द्यायचा, एवढंच त्याचं काम. मुकाट्यानं करतो बिचारा. आणि ज्या दिवशी करत नाही, त्या दिवशी एकटा जात नाही.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाहीये. आमच्या घरात ते घडलंय.

ताईचा प्रबंध

गोष्ट २०१२ ची. मी साताऱ्यात इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला होतो आणि घरी पहिला कॉम्प्युटर आला होता. असेम्बल केलेला. दुकानदारानं कॅबिनेटबरोबर ४५० वॅटचा एसएमपीएस ‘फ्री’ दिला होता. फुकट मिळालेल्या गोष्टीला नावं ठेवण्याचं ते वय नव्हतं. चार-सहा महिन्यांनी मी एका सीनिअरकडून रेडिऑन एचडी ४८५० हे वापरलेलं ग्राफिक्स कार्ड घेतलं. त्याला वेगळी ६ पिनची वायर लागायची, ती माझ्या एसएमपीएसला नव्हतीच. साठ रुपयांचा एक कन्व्हर्टर लावला आणि काम भागलं. म्हणजे भागलं असं मला वाटलं.

आठ-दहा दिवस झकास गेले. मग एका रात्री साडेअकराला, ऐन रेसमध्ये, ‘फट्’ असा आवाज झाला. पडदा काळा. पाठोपाठ तो वास. ज्यांनी घेतलाय त्यांना सांगायला नको आणि ज्यांनी नाही घेतला त्यांना सांगून कळायचा नाही.

कार्ड गेलं, मदरबोर्ड गेला, त्याचं एवढं नाही. हार्ड डिस्कही गेली. आणि त्या हार्ड डिस्कवर ताईचा एम.एड.चा प्रबंध होता. एकशे दहा पानं. शाळेतून आल्यावर, स्वयंपाक उरकून, एका एका बोटानं टाइप केलेली. जमा करायला नऊ दिवस राहिले होते. पेनड्राइव्हवर पहिली दोनच प्रकरणं होती. बाकीची गाइडनं तपासून दिलेली, लाल शाईनं रंगलेली प्रिंट तेवढी कपाटात होती.

ताई मला एक अक्षर बोलली नाही. तिनं ओळखीच्या सायबर कॅफेत तासावर बसून ती सगळी पानं पुन्हा टाइप केली. मी शेजारी बसून वाचून दाखवायचो. नवव्या दिवशी प्रबंध जमा झाला. ती ओरडली असती तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं.

आप्पांनी मात्र तो जळका डबा उचलला. आप्पा लाइनमन. २००५ मध्ये वीज मंडळाचं विभाजन होऊन महावितरण झालं, तरी आमच्या घरात ते ‘बोर्ड’च राहिलं. आप्पांना कॉम्प्युटरमधलं काही कळत नव्हतं, पण हा डबा त्यांच्या खात्यातला होता. त्यांनी तो दोन दिवस तसाच ठेवला. आतल्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते आणि प्लग काढल्यावरही ती माणसाला फेकू शकते, हे त्यांना माहीत होतं. (म्हणूनच आधी सांगून ठेवतो, एसएमपीएस घरी कधीही उघडू नका. ज्याला त्यातलं कळतं, तोसुद्धा घाई करत नाही.)

तिसऱ्या दिवशी त्यांनी तो उघडला आणि मला हाक मारली. ‘हे बघ,’ आप्पा म्हणाले. सर्किट बोर्डावर काही ठिकाणी पार्टची नावं छापलेली होती, भोकंही पाडलेली होती, पण पार्टच नव्हते! खर्च वाचवायला गाळलेले. वायरी शिवणाच्या दोऱ्यासारख्या. मग त्यांनी तो बंद करून माझ्या तळहातावर ठेवला. ‘वजन बघ. एवढ्याशा लोखंडात साडेचारशे वॅट कुठनं मावतील?’

लेबल वाचा, मोठं नाही, बारीक!

त्या रात्री मी पहिल्यांदा एसएमपीएसचं लेबल वाचलं. वरती ठळक अक्षरात ४५०. खाली एक बारीक तक्ता होता आणि त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात लिहिलं होतं, १४ अँपिअर.

शाळेतलं सूत्र आठवा. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट. बारा गुणिले चौदा, १६८. कॉम्प्युटरमधले खरे खादाड दोघे, प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड. ते दोघेही मुख्यतः १२ व्होल्टच्या लाइनवर जेवतात. माझा प्रोसेसर ६५ वॅटचा होता, कार्ड ११० वॅटचं. दोन्ही मिळून १७५. हार्ड डिस्कची मोटर आणि पंखे वेगळेच. म्हणजे लेबलवर ४५० लिहिलेल्या त्या डब्याला, त्याच्या स्वतःच्याच तक्त्याप्रमाणे, माझं ताट झेपणारं नव्हतं. डबा खोटं बोलला होता हे खरं. पण खरी गोष्टही त्यानंच बारीक अक्षरात लिहून ठेवली होती. वाचली नव्हती ती मी.

आणि डिस्क का गेली? तर चांगल्या एसएमपीएसमध्ये पहारेकरी असतात. व्होल्टेज वाढलं की बंद करणारा, करंट जास्त ओढला की बंद करणारा, शॉर्ट झालं की बंद करणारा, तापलं की बंद करणारा. फ्यूजसारखंच म्हणा ना. ते असले तर एसएमपीएस मरताना घरातल्यांना वाचवून मरतो. आमच्यात त्या पहारेकऱ्यांच्या जागी रिकामी भोकं होती.

पन्नास हजार आणि एक मोह

आता थेट २०२३. मी डोंबिवलीत भाड्यानं राहतो, ऐरोलीत नोकरी. लोकल, शेअर रिक्षा, मीटिंग, पुन्हा लोकल. रात्री दोन तास कुणाशीही न बोलता गाडी उडवावी, एवढीच माझी अपेक्षा होती. दीड वर्ष दरमहा तीन-साडेतीन हजार बाजूला टाकत पन्नास हजार जमवले. मॉनिटर जुना होताच.

यादी केली. कोअर आय-३ १२१००एफ प्रोसेसर साडेआठ हजार, मदरबोर्ड सात, १६ जीबी रॅम साडेतीन, ५०० जीबीची एसएसडी दोन हजार आठशे, कॅबिनेट तीन, आरएक्स ६६०० ग्राफिक्स कार्ड एकवीस. बेरीज ४५,८००. एसएमपीएसला उरले ४,२००. (हे भाव तेव्हाचे. आजचे बाजारात विचारूनच घ्या, यातले काही घटक भाजीपेक्षा वेगानं वर-खाली होतात.)

आणि इथे मोह झाला. पाच हजार जास्त टाकले की आरटीएक्स ३०६० येत होतं. कॅबिनेट जरा हलकं घेतलं आणि एसएमपीएस दीड हजारांतला घेतला, तर ते जमत होतं. अडीच-पावणेतीन हजार एका लोखंडी डब्यातून वाचवायचे आणि पडद्यावर दिसणाऱ्या गोष्टीत घालायचे... तुम्हीच सांगा, कुणाला नाही वाटणार?

ताईचा प्रबंध आठवत होता. तरीही वाटत होतं, हे मुद्दाम सांगतो. अकरा वर्षं हा फार मोठा काळ असतो.

रविवारी आप्पांचा फोन आला. २०१७ ला रिटायर झाल्यापासून ते रविवारी सकाळी दहाला फोन करतात. जेवण, पाऊस, शेजारच्यांची म्हैस, आणि संपलं. त्या दिवशी मी सहज म्हणालो, ‘आप्पा, कॉम्प्युटर घेतोय.’

‘कशाला?’

‘गेम खेळायला.’ एकोणतिसाव्या वर्षी हे वाक्य बापाला सांगायला धीर लागतो.

पलीकडे शांतता. मला वाटलं, आता पैसे, वय, लग्न अशी गाडी सुरू होणार. आप्पा म्हणाले, ‘लोड किती आहे?’

‘साडेपाचशे वॅटचा एसएमपीएस बघतोय.’

‘तो देतो किती हे मागनं सांग. लागतंय किती ते सांग आधी.’

मी कागद घेतला. प्रोसेसर जोरात पळताना जास्तीत जास्त ८९ वॅट. आरएक्स ६६०० कार्ड १३२ वॅट. बोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे मिळून ५० धरले. एकूण २७१.

‘आणि दुसरं कार्ड?’

‘१७० वॅट.’

‘म्हणजे ओझं वाढवायचं आणि खांब बारीक करायचा,’ आप्पा म्हणाले. बस्स, एवढंच. नंतर त्यांनी पावसाचं विचारलं.

मी ३०६० यादीतून खोडलं.

लॅमिंग्टन रोडवर

पुढच्या शनिवारी ग्रँट रोड स्टेशनला उतरलो. कागदोपत्री हा डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण टॅक्सीवाल्यापासून दुकानदारापर्यंत सगळ्यांसाठी लॅमिंग्टन रोडच. पहिल्याच दुकानात एकानं चमकणारा खोका समोर टाकला. ‘बॉस, ये ले जाओ. सातसौ वॅट, आरजीबी भी है.’ किंमत सोळाशे. मी खोका फिरवून बारीक तक्ता शोधला. तक्ताच नव्हता! खाली ठेवला.

तिसऱ्या दुकानातल्या काकांनी मात्र माझ्या तोंडातून ‘एसएमपीएस’ निघताच विचारलं, ‘कार्ड कुठलं लावणार?’ डॉक्टरनं औषध लिहिण्याआधी जीभ दाखवायला सांगावी, तसं वाटलं. ‘आरएक्स ६६००’ म्हणालो. ‘मग कंपनी ४५० चा सांगते. तेवढ्यात होईल. पुढे कार्ड बदलायचं मनात असेल तर ५५० घ्या. त्यावर जाऊ नका, पैसे वाया.’

त्यांनी सांगितलेलं आणि मी आधी वाचलेलं मिळून जे डोक्यात बसलं ते असं.

पहिलं म्हणजे, ५५० वॅटचा एसएमपीएस सतत ५५० वॅट खात नाही. कॉम्प्युटर मागेल तेवढंच तो देतो. मोठी टाकी बसवली म्हणून आपण रोज सगळी रिकामी करतो का? माझं गणित २७१ चं, म्हणजे साधारण निम्म्या लोडवर. बहुतेक एसएमपीएस याच सुमाराला सर्वांत काटकसरीनं चालतात. शिवाय ग्राफिक्स कार्ड मध्येच क्षणभर उसळी मारतं, तिला जागा राहते.

दुसरं, ‘८० प्लस’चा बिल्ला. हा उपक्रम २००४ मध्ये सुरू झाला आणि त्याच्या प्रमाणपत्रांचा अर्थ एवढाच, की भिंतीतून घेतलेल्या विजेतली किती वीज खरोखर आत पोचते आणि किती उष्णता होऊन उडून जाते. ब्राँझ म्हणजे ११५ व्होल्टवरच्या चाचणीत निम्म्या लोडला किमान ८५ टक्के. गोल्डला ९०. माझ्या २७१ वॅटसाठी ८५ टक्क्यांनी भिंतीतून साधारण ३२० वॅट ओढले जाणार. तीन तास असं फुल लोडवर खेळलं की जवळपास एक युनिट. रोज दीड-दोन तास खेळणाऱ्याला ब्राँझ पुरे, गोल्डचे जास्तीचे पैसे वीजबिलातून वसूल व्हायला फार वर्षं लागतील. पण एक लक्षात घ्या, हा बिल्ला काटकसरीचा आहे, चारित्र्याचा नाही. पहारेकरी आत आहेत की नाही ते त्यावरून कळत नाही. ते खोक्यावर किंवा कंपनीच्या माहितीपत्रकात वेगळं वाचायचं.

तिसरं, १२ व्होल्टचा रकाना. मी घेतलेल्यावर ४५ अँपिअर होते. म्हणजे ५४० वॅट. ५५० पैकी ५४० जिथे हवेत तिथेच. माझ्या जुन्या डब्याचे १६८ आठवून बघा.

चौथं, वॉरंटी. स्वस्त डब्याला एक वर्ष, बऱ्या डब्याला पाच वर्षं. कंपनीला स्वतःच्या मालावर किती भरवसा आहे हे तिथे दिसतं. जीएसटीचं पक्कं बिल घ्या, वॉरंटीला तेच लागतं.

मॉड्युलर म्हणजे सुट्या वायरींचा एसएमपीएस दिसायला सुटसुटीत, पण बजेटमध्ये तो हट्ट सोडला तरी चालतो. मात्र घेतलात तर एका एसएमपीएसच्या वायरी दुसऱ्याला लावू नका. प्लग बसतो, पण आतल्या पिनांची जागा वेगळी असू शकते, आणि मग पुन्हा ‘फट्’.

कंपन्यांची नावं विचाराल तर सांगत नाही. एकाच कंपनीची एक मालिका उत्तम आणि दुसरी यथातथा, असं सर्रास असतं. नाव बघून नाही, मॉडेल बघून घ्या.

आणि हो, यूपीएस. सहाशे व्हीएचा यूपीएस म्हटलं की आपल्याला सहाशे वॅट वाटतात. सहसा ते ३६० वॅट असतात. माझे ३२० आणि मॉनिटरचे २५ धरले तर काठावरचं गणित. मी नंतर एक केव्हीएचा, ६०० वॅटचा घेतला.

हिरवी वायर

चार हजार दोनशेचा डबा घेऊन घरी आलो. सगळं जोडलं, पहिल्या झटक्यात चालू झालं. आठवडाभर स्वर्ग! एक बारीकशी गोष्ट सोडली तर. कॅबिनेटच्या मागच्या स्क्रूला हात लागला की झिणझिण्या यायच्या. अगदी हलक्या. रविवारच्या फोनवर सहज बोलून गेलो.

पुढच्या शनिवारी संध्याकाळी आप्पा कोयना एक्स्प्रेसनं कल्याणला उतरले. हातात पिशवी. पिशवीत आईनं दिलेली चटणी, भाकरी आणि जुन्या होल्डरला दोन वायरी लावून केलेला टेस्ट लॅम्प.

चहा घेण्याआधी त्यांनी प्लग पॉइंट तपासला. फेज आणि न्यूट्रलमध्ये दिवा लागला. फेज आणि अर्थमध्ये लागला नाही. त्यांनी मेन स्विच बंद केला, बोर्ड उघडला. दोन वायरी आल्या होत्या. तिसरी, अर्थिंगची हिरवी, आलीच नव्हती. तिसऱ्या भोकाच्या मागे काहीच नाही! जुन्या इमारतीत असं सापडतं, आप्पा म्हणाले. एसएमपीएसच्या तोंडाशी एक फिल्टर असतो, त्यातून किंचितसा करंट धातूच्या अंगावर येतो आणि अर्थिंगमधून जमिनीत जातो. वाटच नसली तर तो अंगावरच राहतो आणि हात लावणाऱ्याची वाट बघतो. चांगल्या एसएमपीएसलासुद्धा तिसरी पिन लागतेच.

घरमालकांना फोन केला. भला माणूस, वायरीचे पैसे त्यांनीच दिले. रविवारी सकाळी आप्पांनी मीटरपासून हिरवी वायर ओढून आणली. मी शिडी धरून उभा होतो, लहानपणी धरायचो तसा. (तुमच्याकडे लाइनमन वडील नसतील तर लायसन्सवाला इलेक्ट्रिशियन बोलवा. हे काम यूट्यूब बघून करायचं नाही.)

झिणझिण्या गेल्या.

मग आप्पा म्हणाले, ‘आता फुल लोड दे.’ मी गेम लावला. पडद्यावर पाऊस, डोंगर, दोनशेच्या स्पीडनं गाडी. मला वाटलं, आता तरी बघतील. त्यांनी पडद्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. खुर्ची कॅबिनेटच्या मागे ओढली आणि एसएमपीएसच्या जाळीसमोर तळहात धरून बसले. गरम हवा किती येते, वास येतो का, पंखा कुरकुरतो का. चाळीस मिनिटं. मी रेसमागून रेस हरत होतो. पुढे गाडी आणि मागे बाप, कुणाचं लक्ष लागेल?

शेवटी त्यांनी हात काढला. ‘कोमट आहे,’ म्हणाले. ‘चालू दे.’

आमच्या घरात कौतुक याच शब्दांत होतं.

मी त्यांचा मागे बसलेला फोटो काढून ताईला पाठवला. ती आता कराडच्या शाळेत शिकवते. खाली लिहिलं, ‘पाच वर्षांची वॉरंटी, सगळी प्रोटेक्शन, आणि आप्पांनी अर्थिंग दिलं. आता काही होत नाही.’

दोन मिनिटांत उत्तर आलं. ‘छान. बॅकअप घेतलास का?’

नव्हता घेतला. अकरा वर्षांनी, एवढं सगळं शिकून, नव्हता घेतला.

आप्पांना सोमवारी कल्याणला गाडीत बसवलं आणि ऑफिसच्या वाटेवर एक्स्टर्नल हार्ड डिस्क घेतली. त्या रात्री गेम लावला नाही. फोटो, कागदपत्रं, सगळं कॉपी करत बसलो. ताईच्या प्रबंधाची एक प्रत तिच्याकडून मागवून घेतली आणि तीही त्यात टाकली. एकशे दहा पानं. फाइल उघडून पाहिली तर अर्पणपत्रिकेत आई-आप्पांची नावं होती, आणि खाली एका ओळीत माझं. ‘वाचून दाखवल्याबद्दल.’

अकरा वर्षं मी ते पान उघडलंच नव्हतं.